दवाखान्याच्या बाकड्यावरची हवा

संध्याकाळची ओपीडी. बारा बाय पंधरा फुटांची बाहेरची खोली, भिंतीला लागून दोन बाकडी, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात कंपाउंडरचं टेबल. डास येतात म्हणून खिडकी बंद, एसी चालू म्हणून दार बंद. बारा माणसं बसलीत. त्यातला एक जण तीन आठवड्यांपासून खोकतोय आणि त्याची थुंकी अजून तपासलेली नाही. त्याचा नंबर यायला पाऊण तास आहे. तेवढा वेळ बाकीचे अकरा जण त्याच्या फुप्फुसातून बाहेर आलेली हवा थोडी थोडी आत घेत राहतात. आणि कंपाउंडर तर रोज, सगळ्यांचीच.

या खोलीतली हवा निर्जंतुक कशी ठेवायची, एवढंच या पोस्टमध्ये लिहितो आहे. मोजमापं खऱ्या खोलीला लावून बघता येतील अशी दिली आहेत. हाच हिशोब शिकवणीच्या वर्गाला, अभ्यासिकेला, बँकेच्या शाखेलाही लागू पडतो.

आधी फवारणीचा विषय संपवू. दवाखाना बंद झाल्यावर रात्री फॉगिंग करून घेणं, खोलीत जंतुनाशकाचा फवारा मारणं, काही ठिकाणी अजून फॉर्मॅलिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकून धुरी देणं, यातून संध्याकाळच्या त्या पाऊण तासावर काहीच परिणाम होत नाही. फवारणी होते तेव्हा खोली रिकामी असते. दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट खोकला की हवा पुन्हा होती तशी. माणसं बसलेली असताना फवारायचं म्हटलं तर जंतूंना मारणारी रसायनं माणसाच्या श्वासनलिकेलाही सोडत नाहीत. फॉर्मॅलिनच्या धुरीतून निघणारं फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग करतं हे सिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच बंद जागेत अशी सरसकट फवारणी करू नका असं सांगितलं होतं. धूप, ऊद, कापूर यांबद्दलही मन मोडून सांगावं लागतं: धुराचे कण हवेत भर घालतात आणि आधीच दम लागलेल्या पेशंटला त्रास देतात. देवघरात लावा, ओपीडीत नको.

क्षयाचे जंतू, गोवरचा विषाणू, कांजिण्या, करोना हे सगळे श्वासातून, बोलण्यातून, खोकल्यातून निघणाऱ्या बारीक कणांवर बसून फिरतात. मोठे थेंब दोन-चार फुटांत खाली पडतात. एक ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मात्र पडतच नाहीत म्हटलं तरी चालेल, पंख्याच्या वाऱ्यावर ते तरंगत राहतात. गोवरचा पेशंट उठून गेल्यावर दोन तासांपर्यंत त्या खोलीत आलेल्याला लागण होऊ शकते. म्हणजे माणसं बसलेली असताना, न थांबता, मिनिटामिनिटाला हवा साफ होत राहिली पाहिजे. त्याचे तीनच भरवशाचे मार्ग आहेत: बाहेरची हवा आत आणणं, आतली हवा गाळणं, आणि छताजवळच्या हवेवर अतिनील किरण टाकणं. तिन्हींची बेरीज करता येते, आणि ती करायलाच हवी.

आकडा काढा

खोलीचं आकारमान काढा. १२ × १५ × १० फूट म्हणजे १८०० घनफूट. ३५.३ ने भागलं की ५१ घनमीटर. खोलीच्या आकारमानाएवढी स्वच्छ हवा आली की एक हवाबदल झाला असं धरतात. या खोलीत तासाला ३०६ घनमीटर स्वच्छ हवा आली तर ताशी ६ हवाबदल झाले, ६१२ आली तर १२.

ताशी एक हवाबदल म्हणजे तासाभरात सगळी जुनी हवा गेली असं होत नाही. नवी हवा जुनीत मिसळत असते, त्यामुळे एका हवाबदलात साधारण ६३ टक्केच जुनी हवा जाते. खोकून गेलेल्या माणसाचे ९९ टक्के कण खोलीतून जायला ताशी २ हवाबदलांना १३८ मिनिटं लागतात, ६ ला ४६ आणि १२ ला २३. पेशंट दर दहा मिनिटांनी आत-बाहेर करत असतील तर २ आणि १२ मधला फरक किती मोठा आहे हे यातून दिसतं.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ओपीडीसाठी ताशी किमान ६ आणि क्षयरोग वॉर्डसारख्या जोखमीच्या जागांसाठी १२ हवाबदल धरले आहेत. माझं स्पष्ट मत असं की ज्या खोलीत निदान न झालेले खोकणारे लोक बसतात ती जोखमीचीच जागा. टीबी वॉर्डमधल्या पेशंटला किमान औषध तरी सुरू झालेलं असतं. बाकड्यावरच्याला तेही नाही. म्हणून खाली सगळीकडे १२ धरून चाललो आहे.

सध्या किती आहेत ते मोजायला कार्बन डायऑक्साइडचा मीटर पुरतो. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, बाकी सगळा माणसांच्या उच्छ्वासातला. मीटर घेताना आत एनडीआयआर प्रकारचा, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणारा, सेन्सर आहे याची खात्री करा. स्वस्तातले बरेच मीटर भलताच वायू मोजून त्यावरून अंदाजे आकडा दाखवतात. त्यांना ओळखायची सोपी खूण: मीटरजवळ हाताला सॅनिटायझर लावा. आकडा एकदम उसळला तर तो मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. मीटर कोणाच्या तोंडासमोर किंवा खिडकीत ठेवू नका. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, माणसांपासून तीन-चार फूट लांब ठेवा.

हवाबदल मोजायचे असतील तर शेवटचा पेशंट गेल्यावर दार-खिडकी-पंखे ओपीडीत असतात तसेच ठेवा आणि सगळे बाहेर पडा. समजा नऊ वाजता आकडा १८०० आहे. त्यातले बाहेरचे ४२० वजा केले की वरचे १३८० राहिले. हे १३८० घसरून त्यांच्या ३७ टक्क्यांवर, म्हणजे ५१० वर, यायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. मीटरवर तेव्हा ९३० दिसेल. पंधरा मिनिटं लागली तर ६० ला १५ ने भागा: ताशी ४ हवाबदल. दार लावून एसीत चालणाऱ्या खोलीत यालाच तास-दीड तास लागतो, म्हणजे हवाबदल १ सुद्धा भरत नाही.

एक लक्षात ठेवा. फिल्टर आणि अतिनील दिवा कार्बन डायऑक्साइड कमी करत नाहीत. ते बसवल्यावर मीटरचा आकडा तसाच राहिला म्हणून ते चालत नाहीत असं समजू नका. मीटर फक्त बाहेरून किती हवा येते तेवढंच सांगतो.

खिडकी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ताकदवान उपाय हाच आहे. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत केलेली मोजमापं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली: दारं-खिडक्या उघडल्यावर ताशी २८ हवाबदल, तर यांत्रिक वायुवीजनाच्या खास खोल्यांत १२. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती त्यात सगळ्यांत सरस ठरल्या.

पण आपल्याकडची खिडकी म्हणजे बहुतेक ॲल्युमिनियमची सरकती. चार बाय चारची खिडकी सरकवून उघडली तरी निम्मीच उघडते: आठ चौरस फूट, म्हणजे पाऊण चौरस मीटर. समोरासमोर दार आणि खिडकी दोन्ही उघडी असतील तर वाऱ्याचा वेग, उघड्या भागांपैकी लहान भागाचं क्षेत्रफळ आणि ०.६५ यांचा गुणाकार केला की सेकंदाला किती घनमीटर हवा येते ते मिळतं. वारा अगदी मंद, सेकंदाला अर्धा मीटर धरला तरी तासाला ८६६ घनमीटर होतात. आपल्या खोलीला ताशी १७ हवाबदल. डासांची जाळी असेल तर निम्मे धरा, साडेआठ. जाळीवर धुळीचा थर बसला असेल तर त्याहून कमी. म्हणून जाळी महिन्याला काढून नळाखाली ब्रशने धुवायची, हे काम फिल्टर बदलण्याइतकंच महत्त्वाचं.

आता फक्त समोरचं दार लावा. एकाच बाजूने उघडी असलेल्या खोलीला ०.६५ ऐवजी ०.०५ धरतात. त्याच खिडकीतून, त्याच वाऱ्यात, हवाबदल १७ वरून १.३ वर येतात. "खिडकी तर उघडी असते" असं सांगणाऱ्या कितीतरी दवाखान्यांत नेमकं हेच चाललेलं असतं. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यातल्या दवाखान्यांचं तर मोठंच दुखणं: पुढे शटर, मागे सलग भिंत. तिथे मागच्या भिंतीत, छतापासून फूटभर खाली, एक्झॉस्ट फॅन बसवल्याशिवाय इलाज नाही. भिंत शेजाऱ्याची असेल तर संडासाच्या झरोक्यापर्यंत पाइप न्यावा लागतो. पाइप जितका लांब आणि वळणाचा तितकी हवा कमी, म्हणून फॅनच्या डब्यावरचा आकडा पूर्ण मिळेल असं धरू नका. अर्धा मिळाला तर समाधान माना आणि वर सांगितल्याप्रमाणे मोजून घ्या.

एक्झॉस्ट लावूनही काम न होण्याची कारणं नेहमीची आहेत. हवा आत यायला वाटच नसते, त्यामुळे फॅन नुसता घुमतो. दाराखाली किंवा पुढच्या काचेत तेवढीच उघडी जागा लागते. किंवा फॅन उघड्या खिडकीच्या शेजारीच असतो, मग खिडकीतून आलेली हवा दोन फुटांवरून तशीच बाहेर जाते आणि बाकडी कोरडीच राहतात. किंवा फॅनच्या बाहेरच्या झडपा गंजून अर्ध्यावर अडकलेल्या असतात. महिन्यातून एकदा बाहेर जाऊन बघा.

हवा कुठून कुठे जाते हे बघायला उदबत्तीसारखं साधन नाही. सगळे पंखे नेहमीसारखे चालू ठेवा, बाकड्यापाशी उदबत्ती धरा आणि धूर कुठे ओढला जातो ते बघा. तो खिडकीकडे किंवा एक्झॉस्टकडे गेला तर ठीक. तपासणीच्या खोलीत शिरला तर बाकड्यावरचा खोकला डॉक्टरच्या टेबलावर पोहोचतो आहे. मग पंखा तरी हलवा, नाहीतर बाकडी. आत डॉक्टरची खुर्ची अशी हवी की ताजी हवा आधी डॉक्टरकडे, मग पेशंटकडे आणि तिथून बाहेर. ही परीक्षा पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळी करा, कारण वाऱ्याची दिशा बदलते आणि जूनमध्ये बरोबर असलेली मांडणी डिसेंबरमध्ये उलटी पडू शकते. आणि दवाखान्याला व्हरांडा असेल तर खोकणाऱ्यांना मास्क देऊन तिथेच बसवा. याच्यापुढे कुठलंही यंत्र फिकं आहे.

एसी लावला की

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या नळीतून फक्त गॅस फिरतो. हे ठासून सांगावं लागतं, कारण "एसी आहे म्हणजे हवा शुद्ध" हा समज फार पक्का आहे. एसीतली जाळी धूळ अडवते, जंतूंचे कण तिच्यातून सरळ पार होतात.

एसी चालू ठेवून सहा इंची एक्झॉस्ट लावला आणि त्याने खरोखर तासाला २५० घनमीटर हवा ओढली तर आपल्या खोलीला ५ हवाबदल मिळतात. पण तेवढीच दमट, गरम हवा बाहेरून आत येते. मुंबईच्या उकाड्यात ती थंड आणि कोरडी करायला एसीची पाऊण टनाच्या आसपास ताकद खर्ची पडते. म्हणून १२ हवाबदल नुसत्या बाहेरच्या हवेने एसीच्या खोलीत करणं कोणालाच परवडत नाही. ४-५ बाहेरच्या हवेचे घ्या, एसी २६-२७ वर ठेवा आणि उरलेले फिल्टर आणि अतिनील किरणांनी भरून काढा.

गाळणी

एअर प्युरिफायर घेताना डब्यावरचं "४०० चौरस फुटांसाठी" हे वाक्य वाचूच नका. त्यात किती हवाबदल धरलेत ते लिहिलेलं नसतं. सीएडीआर हा आकडा बघा, म्हणजे तासाला किती घनमीटर साफ हवा मिळते. ३०० असेल तर ३०० भागिले ५१, साधारण ६ हवाबदल. आकडा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) असेल तर १.७ ने गुणा. हा आकडा सगळ्यांत वरच्या वेगाचा असतो. आवाज होतो म्हणून यंत्र 'सायलेंट'वर टाकलं की त्यातला थोडाच भाग उरतो. म्हणून एक मोठं यंत्र जोरात चालवण्यापेक्षा दोन यंत्रं मधल्या वेगावर चालवलेली बरी. आवाज सहन होतो तेव्हाच ती दिवसभर चालू राहतात.

फिल्टर हेपा एच१३, म्हणजे जवळजवळ सगळे बारीक कण अडवणारा, असेल तर उत्तम, पण अडून बसायची गरज नाही. मर्व्ह या फिल्टरच्या प्रतवारीतला १३ दर्जाचा फिल्टर १ ते ३ मायक्रॉनचे किमान ८५ टक्के कण एका फेरीत अडवतो, आणि हवा तर पुन्हा पुन्हा त्यातूनच जाते. याच हिशोबावर २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाची घरगुती पेटी निघाली: वीस इंची चार फिल्टर उभे करून चौकोन करायचा, तळाला पुठ्ठा, वर पंखा, सगळ्या फटींवर पॅकिंगची टेप. फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला आणि पंखा हवा वर फेकणारा. पंख्याच्या पात्यांबाहेरचे चार कोपरे पुठ्ठ्याने झाकायला विसरू नका, नाहीतर बाहेर फेकलेली हवा तिथूनच परत आत ओढली जाते.

नेहमीच्या चुका: नव्या फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी तशीच राहते आणि यंत्र महिनोन् महिने नुसता आवाज करतं. यंत्र बाकड्यामागे कोंबलेलं असतं, त्याच्या तोंडासमोर दीड-दोन फूट जागाच नसते. हेपा फिल्टर कोणीतरी पाण्याने धुतो आणि तो कायमचा बाद होतो. धुवायची ती फक्त बाहेरची जाळी, रस्त्याकडेला दवाखाना असेल तर पंधरा दिवसांनी. 'आयन' किंवा 'प्लाझ्मा' असं बटण असेल तर ते बंद ठेवा. त्यातून ओझोन निघू शकतो, आणि ओझोन फुप्फुसाला इजा करतो. मुद्दाम ओझोन तयार करणारी यंत्रं तर माणसांच्या खोलीत आणूच नयेत.

छताखालचा अतिनील थर

या उपायाला नव्वद वर्षांचा इतिहास आहे, तरी आपल्याकडे तो फार कमी ठिकाणी नीट वापरलेला दिसतो. अमेरिकी संशोधक विल्यम वेल्स यांनी १९३० च्या दशकात बारीक कण हवेत तरंगत राहतात हे दाखवलं आणि १९३७ पासून फिलाडेल्फियाच्या शाळांमध्ये वर्गांच्या वरच्या भागात अतिनील दिवे लावले. १९४१ च्या गोवरच्या साथीत दिवे असलेल्या वर्गांत लागण बरीच कमी राहिली. नंतर न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यांतल्या शाळांमध्ये तोच प्रयोग फसला, कारण मुलं एकाच बसमधून येत-जात होती आणि बसमध्ये दिवे नव्हते. पुढे बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा दोन पिंजऱ्यांकडे नेली. साध्या हवेच्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगना क्षय झाला, अतिनील किरणांतून गेलेल्या हवेच्या पिंजऱ्यात एकालाही नाही. लिमा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अलीकडच्या प्रयोगांनी हेच खऱ्या वॉर्डात दाखवलं. दक्षिण आफ्रिकेत संसर्ग ८० टक्क्यांच्या आसपास घटला.

काम कसं चालतं? २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण जंतूंच्या जनुकीय द्रव्यावर घाव घालतात, मग त्यांची संख्या वाढू शकत नाही. तेच किरण डोळ्यांना आणि त्वचेलाही इजा करतात. म्हणून दिवा जमिनीपासून किमान सात फुटांवर बसवतात आणि त्यापुढे काळ्या पट्ट्यांची दाट जाळी असते. त्यामुळे किरण आडव्या पातळ थरात, फक्त डोक्यांच्या वर पसरतात. खालची हवा पंख्याने वर जाते, तिथे तिच्यातले जंतू मरतात आणि ती परत खाली येते. म्हणून छताचा पंखा या व्यवस्थेचा अर्धा भाग आहे. तो बंद केला तर वरचीच हवा पुन्हा पुन्हा निर्जंतुक होत राहते.

छत किमान आठ फूट हवं, दहा असेल तर छान. पोटमाळा बांधलेल्या गाळ्यात, त्या माळ्याखाली हे लावता येत नाही. आणि माळ्यावर कोणी बसत असेल तर खोलीच्या दुसऱ्या भागातही नाही, कारण दिव्याचा थर थेट त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येतो.

किती दिवे लावायचे यासाठी नळीचे वॉट विचारू नका, आणि विक्रेत्याने तेवढेच सांगितले तर पुढचा विचारा. ३६ वॉटच्या नळीतून साधारण १२ वॉट अतिनील निघतो, आणि जाळीच्या पट्ट्या त्यातला बहुतांश गिळतात. खरा आकडा म्हणजे जाळीबाहेर पडणारा एकूण अतिनील. तो खोलीच्या दर घनमीटरला १२ मिलिवॉट तरी हवा, १५ ते २० असेल तर उत्तम. आपल्या ५१ घनमीटरला सुमारे ६०० मिलिवॉट ते एक वॉट. हे ज्याच्या कागदावर लिहिलेलं नाही ते उपकरण घेऊ नका. ओझोन न करणारी नळी आहे हेही लेखी घ्या, कारण काही नळ्या १८५ नॅनोमीटरचे किरणही सोडतात आणि ओझोन तिथूनच होतो.

बसवल्यावर २५४ नॅनोमीटरसाठी कॅलिब्रेट केलेल्या मीटरने मोजल्याशिवाय खोली उघडू नका. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, साडेपाच-सहा फुटांवर, खोलीत प्रत्येक तीन फुटांवर मीटर चारी दिशांना वळवून बघा. आठ तासांच्या हिशोबाने मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोवॉट आहे. पंखा चालू ठेवूनही मोजा, कारण धातूची चकचकीत पाती किरण खाली फेकतात.

एखाद्या कोपऱ्यात आकडा जास्त आला तर वर बघा. दिसायला पांढरं ते सगळं सारखं नसतं: ऑइल पेंट हे किरण जवळजवळ सगळे शोषतो, ३ ते १० टक्केच परत पाठवतो. नुसतं प्लास्टर ४० ते ६० टक्के परत पाठवतं, आणि ॲल्युमिनियम त्याहूनही जास्त. त्यामुळे फॉल्स सीलिंगच्या ॲल्युमिनियम पट्ट्या, ट्यूबलाइटचे पत्रे आणि उंच लोखंडी कपाटाची चकाकती कड हे नेहमीचे गुन्हेगार. दिव्यासमोरच्या भिंतीला आणि छताला साधा मॅट ऑइल पेंट मारला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. किरणांच्या थरातल्या प्लास्टिकच्या वायरपट्ट्या, कुंड्यांतली उंच झाडं आणि फ्लेक्स काही महिन्यांत पिवळे, ठिसूळ होतात, ती आधीच हलवा.

चूक झाली तर ती लगेच कळत नाही. रंगारी शिडीच्या घोड्यावर चढून दिव्यासमोर दहा मिनिटं काम करतो, त्याला काहीच जाणवत नाही, आणि सहा-बारा तासांनी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन पाणी गळायला लागतं. बहुधा एक-दोन दिवसांत ते बरं होतं, पण ती रात्र फार वाईट जाते. म्हणून या दिव्याचं बटण वेगळं, पंख्याच्या बटणांत मिसळलेलं नको, आणि त्याशेजारी मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: "शिडी लावण्याआधी बंद करा."

जाळी नसलेल्या उघड्या अतिनील नळ्या बाजारात 'निर्जंतुकीकरणासाठी' मिळतात. त्या रिकाम्या खोलीसाठी आहेत. माणसांच्या खोलीत, "थोडाच वेळ" म्हणूनही, त्या लावू नका. एसीच्या आत कॉइलवर लावलेला दिवा कॉइलवरची बुरशी रोखतो, ते चांगलंच, पण बाकड्यावरच्या हवेचा हिशोब त्याने फारसा हलत नाही. २२२ नॅनोमीटरचे नवे दिवे माणसं असतानाही लावता येतात, कारण ते किरण त्वचेच्या वरच्या मृत थरातच अडतात. ते थोडा ओझोन तयार करतात, त्यामुळे बंद खोलीत त्यांना बाहेरच्या हवेची जोड लागतेच. साध्या दवाखान्यासाठी आज तरी मी जुना, पारखलेला २५४ चाच सुचवेन.

कोकणात आणि मुंबईत एक अडचण खास आहे. हवेतला दमटपणा ६०-७० टक्क्यांच्या वर गेला की या किरणांचा परिणाम कमी होतो. पाऊस लागला की खिडक्या बंद होतात, म्हणजे दिव्याची गरज सगळ्यांत जास्त असते तेव्हाच तो सगळ्यांत कमजोर पडतो. म्हणून तिथे १२ मिलिवॉटवर थांबू नका, २० धरा, आणि पावसाळ्यात फिल्टर वरच्या वेगावर ठेवा. पुणे, नाशिक, विदर्भात वर्षातले बरेच महिने ही अडचण येत नाही.

देखभालीत नळीच्या निळ्या उजेडावर विसंबू नका. नळी निळी दिसत राहते, पण साधारण ९००० तासांनंतर किरणांचा जोर उतरलेला असतो. चोवीस तास चालू असेल तर वर्षभर, रोज दहा तास असेल तर अडीच वर्षं. वारंवार चालू-बंद केल्याने आयुष्य आणखी घटतं, तेव्हा सकाळी एकदा लावा आणि रात्री एकदाच बंद करा. धूळ हा दुसरा शत्रू. तीन महिन्यांनी, रस्त्याकडेला असेल तर महिन्याने, वीज बंद करून नळी पूर्ण गार होऊ द्या, हातमोजे घालून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या मऊ कापडाने नळी आणि मागचा आरसा पुसा. साबणाचं पाणी नको, त्याचा थर राहतो. बोटांचे ठसेही काचेवर भाजून बसतात.

नळी फुटली तर आत पारा असतो. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पारा हवेत उडतो. खोली रिकामी करून खिडक्या उघडा, एसी बंद ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी हातमोजे घालून दोन जाड पुठ्ठ्यांनी तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला, मागची जागा ओल्या कागदाने पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत घालून ई-कचऱ्याकडे द्या. नवी नळी बसवली की उपकरणाच्या बाहेरच्या पत्र्यावर मार्करने तारीख लिहा, आणि खाली मीटरवर आलेला आकडा.